न खणणारे साहेब

पुरातत्त्वाच्या नोकरीत असूनही साहेबांच्या हाती कुदळ कधी दिसली नाही. विंचूरकडच्या एका गावालगत पांढरीचे टेकाड होते. प्राचीन वस्तीच्या अवशेषांनी बनलेली ती माती लोक बिनदिक्कत शेतात टाकायला नेत. ही लूट थांबवा, असे अर्ज मी नाशिकच्या न्यायालयातील कारकुनी सांभाळून सतत करीत होतो. एकाही अर्जाला उत्तर आले नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हे गृहस्थ मात्र आले.

जमिनीत चार सळया जेमतेम टेकवायच्या, वीज सोडायची आणि माती तिला किती अडवते ते यंत्रावर पाहायचे, ही त्यांची रीत. दगडी पाया वीज अडवतो, ओला खड्डा जाऊ देतो. आकडा बदलला की तिथे ते खुंटी ठोकत. "खणलेले बुजवता येते, होते तसे मांडता येत नाही," असे ते म्हणत.

टेकाडाचे मालक पाटील कांदा पिकवीत. "साहेब, सोनं हाय का नाय तेवढं सांगा. मला कांदा साठवायला चाळ बांधायची हे."

"राख आहे. खापरे आहेत."

"राखंसाठी इजेची मशीन?"

साहेब कामासाठी नाशिकला येऊन परतले, तो प्रत्येक खुंटीच्या जागी खड्डा. खुंटी तिथे हंडा, असा पाटलांनी हिशेब केला होता. हाती लागले ते जुने रांजण, तेही फुटलेले.

मी कलमांसह फौजदारी तक्रार लिहिली. साहेबांनी ती शांतपणे वाचली. "मसुदा चोख आहे. आरोपींत पहिले नाव माझे घाला. कुठे खणायचे ते मीच दाखवले."

"कायद्यात तसे बसत नाही."

"मग राहू द्या."

तक्रार दाखल झाली नाही. याबाबत मी त्यांच्याशी आजही सहमत नाही.

उरलेल्या टेकाडाची पाहणी त्यांनी पाटलांना सोबत घेऊन केली. सळया पाटलांनीच रोवल्या. या खेपेस खुंटी एकही नव्हती. एका कडेला साहेब थांबले. "इथे खाली काही नाही. चाळ इथे बांधा."

"म्हंजे रिकामी जागा तेवढी माझ्या नशिबी."

"तीच शोधायला वेळ लागला, पाटील."

चाळ तिथेच उभी राहिली. पुढे साहेब निवृत्त झाले आणि थोड्याच काळात वारले. टेकाडावर संरक्षणाचा सरकारी फलक अद्याप नाही, याचा मला संताप आहे. मात्र मातीसाठी कोणी बैलगाडी वळवली, की पाटील चाळीतून ओरडतात, "तिकडं नाय. साहेबांचं हाय ते."

सातबाऱ्यावर नाव पाटलांचेच आहे.