जगदेव पाळकांनी न मोडलेली भाकर

अनसिंगच्या ख्रिस्ती मंडळीत बावीस घरं, आणि या बावीस घरांना जगदेव पाळकांचा एक नियम पाठ होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. त्याच्या आदल्या दिवशी पाळक आपल्या जुन्या स्कूटरवर दारोदार जाऊन एकच विचारायचे, "कोणाशी अबोला आहे का?" असला, तर तो मिटेपर्यंत त्या माणसाला प्रभूच्या मेजावरची भाकर नाही. दोन सख्ख्या भावांना शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणापायी त्यांनी अकरा महिने नुसतं बाकावर बसवून ठेवलं होतं. भावांच्या बायका रडल्या, पंच रागावले, पाळक हलले नाहीत. एकोणीस वर्षं हे असं चाललं. लोक त्यांना भीत, आणि त्या भीतीलाच ते थोडंफार प्रेम समजत.

अलीकडे मात्र ते मंडळीवर चिडलेले असत. पूर्वी आजाऱ्याच्या घरून बोलावणं यायचं, आता मोबाइलवर 'पास्टर साहेब, प्रार्थना करा' एवढंच यायचं, खाली जोडलेल्या हातांची दोन चित्रं. बाहेरगावचे उपदेशक भोंगे लावून आरोग्य वाटत फिरत, आणि आपलीच माणसं बस धरून शिरपूरपर्यंत त्यांना ऐकायला जात. बादल नावाच्या तरुण पंचानं रविवारची उपासना मोबाइलवर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा पाळक म्हणाले होते, "देवाच्या घराला खिडक्या आहेत तेवढ्या पुरे."

चूक झाली ती मात्र त्यांच्याच तोंडून.

प्रभुभोजनाची भाकर बेबीबाई करायच्या, पातळ, बिनमिठाची. नवरा वारलेला, एकुलती लेक रेणू रिसोडकडे दिलेली. जानेवारीत रेणूला नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलं. बेबीबाईंनी शेजारीपाजारी सांगितलं, लेक चार दिवस माहेरपणाला आली आहे. खरं ते एकट्या पाळकांना सांगितलं, चुलीपाशी बसून, हळू आवाजात. "प्रार्थनेत आठवा पोरीले," एवढंच मागितलं. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसून मिटवणार होती, दिवसही ठरला होता.

पुढच्या रविवारी मोठ्या प्रार्थनेत पाळकांना भरून आलं. डोळे मिटलेले, हात वर. "प्रभू, आमच्या रेणूकडे पाहा. नवऱ्यानं मारून घराबाहेर घातलं तिला..." नाव, गाव, सगळं आलं. देवापासून काय लपवायचं, ही त्यांची जुनी सवय. बाकांवर आधी एक डोळा उघडला, मग दहा. बादलचा मोबाइल चालूच होता. दिवस मावळायच्या आत ती प्रार्थना रिसोडला पोचली आणि बेबीबाईंकडे सासरच्यांचा निरोप आला: आमची अब्रू चव्हाट्यावर मांडली, आता बैठक होणार नाही.

पाळकांनी पहिल्यांदा बादललाच धरलं. "त्या डबड्यानं केलं हे सगळं!"

"डबडं बोललं काय साहेब?" बादल म्हणाला. "बोलले तुमी. अन् फोन नसता तरी इथं बसलेले काय बहिरे होते?"

पाळक आणखीच चिडले.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ते बेबीबाईंच्या दाराशी आले. बाईंनी चौकट अडवली.

"कोनाशी अबोला हाये काय, हे इचाराले आले?"

"नाही बाई. माफी मागायला आलो."

"माही कायची मांगता? नाव पोरीचं घेतलं."

"तिला बोलवा."

"तुमचा आवाज आयकला का कानावर हात ठेवते ते."

पाळक पायरीवरच थांबले. "उद्या मी सगळ्या मंडळीसमोर माफी मागतो."

"खबरदार!" बेबीबाईंचा आवाज चढला. "अजून एक डाव पोरीचा तमाशा कराचा हाये काय? पाळक हाये का दवंडीवाले? खरंच काई वाटत असन, तं गप बसा. तेवढंच तं जमत नाई तुमाले."

"आणि उद्याची भाकर?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"रऊफच्या दुकानातून पाव आना." दार लागलं.

रविवारी मेजावर पांढऱ्या फडक्याखाली रऊफच्या दुकानातला पाव होता. उपदेश संपला, गीत झालं. पाळक मेजापाशी आले, फडक्याला हात लावला आणि थांबले. "आज भाकर मोडायची माझी लायकी नाही," म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. पाळकाशिवाय भाकर दुसरं कोणी मोडू शकत नव्हतं.

थोरले पंच शालिग्राम उभे राहिले. "काहून? कोनाशी भांडले तुमी?"

पाळकांनी मान खाली घातली.

"आमच्यायले अकरा-अकरा महिने बसवलं, तवा नाव घेऊन बसवलं. आता तुमचं नाव कोन घेईन?"

"बेबीबाई नाई आली आज," मागून कोणीतरी पुटपुटलं.

तरीही पाळकांनी मान वर केली नाही. लोक चपला शोधत, तोंडानं काहीबाही बोलत बाहेर पडले. पंचांनी त्याच दुपारी वरच्या कार्यालयाला अर्ज लिहिला: पाळक हेकेखोर आहेत, विचारलेल्याचं उत्तर देत नाहीत, बदलून द्यावेत.

घरी पाळकांच्या बायकोनं, हेमलानं, ताट आदळलं. "सांगून टाका ना काय झालं ते! लोक कायबी बोलून राह्यले. म्हनतात पाळकानं पाप केलं."

"केलंच आहे."

"मंग तसं सांगा!"

"सांगायला गेलो की पुन्हा तिचं नाव येतं."

"एकोनीस वर्सं तोंड थांबलं नाई," हेमला म्हणाली, "अन् आता पोटावर आलं तं मुके झाले."

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी पाळक पुन्हा बेबीबाईंच्या दारी गेले. या वेळी कुठल्याच दुसऱ्या दारी ते गेले नव्हते.

"अर्ज झाला म्हनते तुमच्यावर," बेबीबाई म्हणाल्या.

"हो."

"लोकायले सांगतलं नाई तुमी."

"नाही."

"मी माफ नाई केलं अजून."

"माहीत आहे बाई."

आतून रेणूचा आवाज आला. महिन्याभरात तो त्यांनी पहिल्यांदा ऐकला. "आई, त्यायले म्हन दारात उभे राहू नका. लोक पाहून राह्यले."

पाळकांनी वळून पाहिलं. समोरच्या ओट्यावर दोन बायका खरंच हात थांबवून बसल्या होत्या. ते पायरी उतरले, आणि स्कूटर चालू न करता ढकलतच गल्लीबाहेर घेऊन गेले.