रेट कॉम्प्युटर काढतो, बाकीचं आहेर मॅडम

आमच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये व्हेंडरनं दिलेली कॅलेंडरं आणि किस्से, दोन्ही ढिगानं साठतात. कॅलेंडरं निदान नवीन वर्ष लागलं की रद्दीत जातात. किस्से काही जात नाहीत. कॅन्टीनमध्ये कुणीतरी "अरे, ते आठवतंय का?" म्हणायचा अवकाश, सगळ्यांचे चहा गार!

कंपनी नाशिकच्या सातपूरची, इलेक्ट्रिक पॅनल बनवणारी. पूर्वी आम्ही दिवसभर कोटेशनं ताडून बघायचो. आता ते सॉफ्टवेअर करतं. "मग आपण काय करायचं?" असं मी आमच्या हेड आहेर मॅडमना जरा घाबरतच विचारलं होतं.

"माणसं सांभाळायची," त्या म्हणाल्या. "ते त्याला अजून जमत नाही."

* * *

रोहन आमच्याकडे नवीन आला तेव्हाची गोष्ट. एमबीए, हुशार, इंग्रजी फर्डं. अंबडच्या फाउंड्रीतून कास्टिंगचे ओतीव भाग यायला उशीर झाला, तर यानं मालकांना, म्हणजे शेखचाचांना, लांबलचक इंग्रजी मेल टाकला. तीव्र नाराजी, कराराचा भंग, अंतिम इशारा, सगळं त्यात!

चाचांचं उत्तर मराठीत आलं. "मेल मिळाला. मुलीनं अर्थ सांगितला. बेटा, घरी सगळं ठीक ना?"

मॅडमनी रोहनला तडक फाउंड्रीत पाठवलं. भट्टी बंद पडली होती आणि चाचांना ते सांगायची लाज वाटत होती. रोहननं आमच्या मेंटेनन्सच्या माणसाला बोलावून घेतलं. दोन दिवसांनी तो टेम्पोतूनच परत आला. मागे कास्टिंग, मांडीवर बिर्याणीचा डबा!

त्याचे मेल आता "सलाम चाचा" पासून सुरू होतात.

* * *

मालेगावकडचे एक व्हेंडर होते, भलतेच कडक. रेट कमी करणार नाही म्हणजे नाही. आमची मीटिंग अगदी मोडायला आलेली. तेवढ्यात त्यांनी फोनवर घरी काहीतरी सांगितलं आणि मॅडमनी कान टवकारले. मॅडम मूळच्या सटाण्याच्या, बागलाणातल्या.

"भाऊ, तुम्ही बागलाणना शेतस का?"

"हाव!" भाऊंचा चेहराच बदलला.

पुढचा सगळा वेळ दोघं अहिराणीत बोलत होते आणि मी नुसती मान हलवत होते. ते गेल्यावर विचारलं, "मॅडम, काय ठरलं?"

"रेट तोच. पण माल सगळ्यांच्या आधी आपल्याला. आणि त्यांच्या भाचीसाठी स्थळ बघायचंय, ते तू बघ."

* * *

हेड ऑफिसनं एकदा आम्हाला ट्रेनिंगला बसवलं. विषय, 'पीपल स्किल्स'. ट्रेनर मुंबईचे, कडक इस्त्रीचे. म्हणाले, "रोल प्ले करू. मी परचेस, मॅडम तुम्ही व्हेंडर."

मॅडमनी सुरुवात केली. लाईट कशी जाते, कारागीर कसे सोडून जातात, लेथवरचा जुना माणूस आजारी पडला तेव्हा रात्रपाळी स्वतः कशी केली... ट्रेनरनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे, तुमचा रेट मान्य."

मॅडम म्हणाल्या, "लेखी द्या!"

* * *

पावसाळ्यात गुजरातहून पत्रा घेऊन येणारा ट्रक पेठजवळ येऊन थांबला. जीपीएसचा ठिपका जागचा हलेना, ड्रायव्हर गणपत फोन उचलेना. इकडे प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसलेले. रोहन ब्रेकडाऊनची गाडी पाठवायला निघाला.

मॅडमनी स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला. "गणपत, तुझं गाव तिथंच ना? भाताची आवणी किती राहिली?"

"थोडीच हाय मॅडम. मजूर नाय मिळलं."

"उरक आणि नीघ. घाटात घाई नको."

उशिराचं कारण म्हणून मॅडमनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'मार्गावर शेतीची कामे चालू'. खोटं काय होतं त्यात!

* * *

पण आमचा सगळ्यांचा लाडका किस्सा आप्पांचा.

आप्पा सोनवणे आम्हाला लाकडी पॅकिंगच्या पेट्या द्यायचे. मुलगा विशाल त्यांच्याच हाताखाली तयार झाला, मग भांडून वेगळा झाला आणि पलीकडच्या गल्लीत त्यानं तोच धंदा टाकला. बापलेक बोलत नव्हते. रस्त्यात दिसले तर एकजण गाडी वळवायचा.

त्या वर्षी पेट्यांची ऑर्डर ऑनलाईन लिलावानं द्यायचं ठरलं. आपापल्या जागी बसून रेट कमी करत जायचा, सगळ्यात कमी त्याची ऑर्डर. समोर कोण आहे ते कुणालाच दिसत नाही. आम्हाला दिसतं. बाकीचे लवकर गळाले आणि स्क्रीनवर हे बापलेक दोघंच उरले. रेट इतका खाली गेला, की त्यात लाकूडही आलं नसतं. दोघांपैकी जो जिंकेल तो बुडणार, हे उघड होतं.

मॅडम लिलाव रद्द करायला उठल्या, तेवढ्यात आप्पांचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर घेतला.

"मॅडम, समोर कोण आहे?"

"आप्पा, नियमानं सांगता येत नाही."

"हा दर वेळी अगदी शेवटच्या सेकंदाला आकडा टाकतोय. पत्ते खेळताना असंच करायचा. शेवटपर्यंत पान दाबून ठेवायचं. तोच आहे ना?"

मॅडम काहीच बोलल्या नाहीत. आम्हीही कुणी एकमेकांकडे बघितलं नाही.

"बरं," आप्पा म्हणाले. फोन बंद झाला.

मॅडमनी लिलाव रद्द केला आणि पुन्हा साधी कोटेशनं मागवली. विशालचं आलं, रेट व्यवस्थित होता. आप्पांचं आलंच नाही. ऑर्डर विशालला गेली.

पहिल्या डिलिव्हरीला आम्ही सगळेच काहीतरी निमित्त काढून गेटवर गेलो. टेम्पो आला. विशाल चालवत होता. शेजारच्या सीटवरून आप्पा उतरले, मागे गेले आणि पेट्यांच्या दोऱ्या सोडायला लागले.

मॅडम म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही?"

आप्पांनी मान वर केली नाही. "काय करणार! याला अजून धड गाठ मारता येत नाही."