गाडीवरची वाळ्याची पेटी

"थंडी भरता येत नाही बाप्पा, गरमी काढा लागते."

हे वाक्य मिस्त्रींनी मला किती वेळा ऐकवलं असेल, त्याची गणतीच नाही. म्हणताना ते हात पाण्यात बुडवायचे, पालथा करून वाऱ्यात धरायचे आणि डोळे मिटायचे. बघणाऱ्याला वाटावं, माणूस ध्यानाला बसलाय. मी तेव्हा अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्स होते आणि माझी जीभ आजच्याइतकीच तिखट होती. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी म्हटलं, "मिस्त्री, मंत्र म्हणून झाला असेल तर आमची गाडी द्या."

मोटारींचे गळके रेडिएटर झाळून देणं हा त्यांचा धंदा. शाळा चौथीपर्यंत. एक भुवई जळून गेलेली, ती पुन्हा उगवली नाही. त्यामुळे ते सतत कशाचं तरी नवल करताहेत असं वाटायचं, आणि खरं सांगू, करतही असायचे.

आमची पेशंटची गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली जुनी व्हॅन. वर पत्रा, खाली पत्रा. तुम्ही वऱ्हाडातला मे महिना पाहिला असेल तर मी जास्त सांगायला नको. दर्यापूरकडच्या खेड्यातून ऊन लागलेला माणूस आणायचा म्हणजे त्याला दोन तास तव्यावर निजवून आणण्यासारखंच होतं. मी ओल्या फडक्यानं पुसत राहायची आणि फडकं माझ्या हातातच वाळायचं. एकदा रेडिएटरच्या कामासाठी गाडी मिस्त्रींकडे होती, तेव्हा मी याच गोष्टीवरून तोंडाचा पट्टा सोडला होता.

आठवड्यानं गाडी परत आली ती टपावर पत्र्याची पेटी घेऊनच. पेटीचं तोंड पुढं, आत वाळा ठासून भरलेला, वर पाण्याची टाकी. गाडी पळाली की वारा पेटीत शिरायचा, ओल्या वाळ्यातून गाळून निघायचा आणि पेशंटच्या डोक्यावर यायचा. वर आणखी मिस्त्रींनी मागच्या दाराची काचच काढून टाकलेली.

आमचे ड्रायव्हर, त्यांना सगळे चाचा म्हणत, ते खवळले. "एक तर थंडी हवा बनवली, अन् आता बाहेर काहून सोडून राहिले?"

"जुनी हवा जाईन तवा नवी येईन ना चाचा," मिस्त्री म्हणाले. "गरमी काय खिशात घालून नेता?"

पेशंटचे नातेवाईक मात्र त्या भोकाला हमखास धोतर लावायचे. मी ते ओढून काढायची. भांडणं व्हायची. पण अमरावतीच्या आसपास पेटी झकास चालली, आणि मिस्त्री प्रत्येक खेपेनंतर एकच विचारायचे, "पोचलं का मानूस?"

मग एक म्हातारी पोचली नाही.

दर्यापूरच्या पलीकडचं गाव. त्या भागात सलग दहा दिवस आमच्या फेऱ्या चालल्या होत्या. निघताना पेटीत पाणी होतं, गाडी पळत होती, पण वारा येईचना. वाटेतच, माझ्या मांडीवर ती गेली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "ती पेटी काढून टाका." त्यांचंही चुकलं नव्हतं.

मिस्त्रींनी पेटी उतरवली नाही. पुढच्या वेळी गाडी तिकडं निघाली तेव्हा आत येऊन बसले. म्हणाले, "मले तिच्या घरी न्या."

म्हातारीचा मुलगा अंगणात होता. मिस्त्रींनी हात जोडले. "गाडीवरची पेटी म्या बनवली. माह्या पेटीनं दगा देल्ला."

तो पोरगा गोंधळला. मग म्हणाला, "तुमी एवढ्या लांबून आले. बसा, पानी प्या."

मिस्त्रींनी एक घोट घेतला आणि थांबले. "हेच पानी पेता?"

"हाव. इकडं समदं खारंच हाय."

"गाडीत बी हेच भरलं होतं?"

"मंग काय गुलाबपाणी भरू?" चाचा म्हणाले.

मिस्त्री ताडकन उठले. पण हातातल्या तांब्याकडे लक्ष गेलं तसे परत बसले, आणि सगळं पाणी शांतपणे पिऊन मगच उठले.

पेटी उघडली. वाळ्यावर मिठाचं पांढरं पूट, दगडासारखं. "पानी उडून जाते, मीठ बसून राहाते," ते म्हणाले. "म्या अमरावतीच्या गोड्या पान्यावर पेटी बनवली, अन् धाडली खाऱ्या मुलखात."

वर्षभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. ठासलेला वाळा काढला. त्याचे पातळ पडदे केले, दोन पडद्यांत बोटभर फट ठेवून टांगले. धुवायला सरकन बाहेर निघतील असे. पाणी गरजेपेक्षा जास्त सोडलं आणि खाली भोक ठेवलं, म्हणजे उरलेलं पाणी मीठ घेऊन रस्त्यावर पडावं. चाचा म्हणायचे, "गाडी मुतून राहिली." मी हसायची, पण मनातून थक्क व्हायची. ज्या माणसाला कुणी शिकवलं नाही, त्याला वारा, पाणी आणि मीठ आपापल्या वागण्यातून शिकवत होते. डॉक्टरांशी भांडून मी एका उन्हाळ्याची परवानगी काढली.

त्या मे महिन्यात एक दहा-अकरा वर्षांची पोर मिळाली, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या वेचताना वावरात पडलेली. बेशुद्ध. अंगाला हात लावला तर चटका बसावा. टाकीत तिथल्याच विहिरीचं खारं पाणी भरलं आणि निघालो. तिचा बाप पायाशी बसून नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. वारा येत होता. अर्ध्या वाटेवर वाटलं, आता बंद होईल. नाही झाला. अमरावती जवळ आली तशी पोरीनं डोळे उघडले, पाय पोटाशी घेतले आणि पुटपुटली, "बाई, मले थंडी वाजून राहिली."

मे महिन्यात! पत्र्याच्या गाडीत! मी तिला माझा पदर पांघरला आणि ओक्साबोक्शी रडले.

मिस्त्री जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण मला ते दिसतात ते त्याच संध्याकाळचे. ड्यूटी संपताच मी तडक दुकानात गेले. ते रेडिएटर झाळत होते. मी पोरीचे शब्द सांगितले. त्यांनी हातातलं खाली ठेवलं.

"परत सांगा."

परत सांगितले. ते जमिनीवर बसले.

"एक साल अगोदर सुचाले पायजे होतं, सिस्टरबाई," ते म्हणाले. "त्या म्हातारीले बी थंडी वाजली असती."

मी त्यांच्याशेजारी, त्या तेलकट जमिनीवर, पांढऱ्या साडीनिशी बसून राहिले.