एका प्रकरणाएवढा केक

आमच्या घरात केक घड्याळावर होत नाही, बाबांच्या वाचनावर होतो. कॉलेजात मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्यांना मी गंमत करतेय असं वाटलं. पण लहानपणापासून मी हेच पाहत आले आहे. वसईच्या गावांतून केळी घेऊन येणाऱ्या एक मावशी आमच्या फुलपाड्याच्या नाक्यावर बसतात. रविवारी त्यांच्या टोपलीत उरलेली, काळी पडलेली, कुणी न घेतलेली फणी त्या आईला जवळजवळ फुकटच देतात. आई ती कुस्करून रव्यात घालते, दही आणि साखर घालते, शेवटी चिमूटभर खायचा सोडा. आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरची शिटी आणि रबर काढायचं, तळाला खडे मीठ पसरायचं, त्यावर एक ताटली उपडी, ताटलीवर केकचा डबा आणि वर झाकण. ते मीठ आई टाकत नाही. भाजून भाजून तपकिरी झालेलं मीठ एका बरणीत वेगळं ठेवलेलं असतं.

कुकर बारीक गॅसवर चढला की बाबा पुस्तक उघडायचे. एक प्रकरण मोठ्याने वाचायचं. प्रकरण संपेपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर केक बसतो. प्रकरण संपलं की गॅस बंद. कुठलं प्रकरण केवढं आहे ते आई आधी पानं चाळून बघायची आणि आच त्याप्रमाणे कमी-जास्त करायची. पुस्तकं रद्दीच्या दुकानातली. कुणाला मुखपृष्ठ नाही, कुणाची शेवटची पानं गेलेली. बाबा आठवीपर्यंत शिकले आणि वसई पूर्वेला एका गाळ्यात मशीनवर काम करायचे. रविवार त्यांचा होता. एकसारख्या आवाजात, ओळीखाली बोट ठेवून ते वाचायचे. आई वाटाणे सोलत किंवा काही शिवत ऐकायची आणि मधूनच एखाद्या पात्राला शिव्या घालायची.

गेल्या वर्षी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात थोडा गेला, आणि बोलणं.

हे नीट कसं सांगावं मला कळत नाही. त्यांना सगळं समजत होतं. पण हवा तो शब्द तोंडात यायचा नाही, आणि आला तर अर्धा यायचा. हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या. त्या आईशी न बोलता माझ्याशीच बोलल्या, कारण फॉर्म मी भरला होता. म्हणाल्या, “घरी मोठ्याने वाचू द्या. रोज. हे पहिले महिनेच महत्त्वाचे असतात. आत्ता गप्प बसले, तर मग गप्पच राहतील.”

बाबा गप्प बसले.

हो किंवा नाही हे मानेनेच सांगायचे. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बघायचे. मी पुस्तक समोर ठेवलं की तोंड खिडकीकडे. आईने देवाची शपथ घालून पाहिली. धाकटी बहीण, नववीतली, तिने रुसून पाहिलं. मी सगळ्यात शिकलेली म्हणून दोघी माझ्याकडे बघायच्या. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं माहीत असेल असं त्यांना वाटतं. मला काहीच माहीत नव्हतं. मी वाणिज्य शाखेची. एवढंच कळत होतं की एकेक आठवडा जातोय आणि बाई म्हणाल्या होत्या ते महिने संपत चाललेत.

आईने मधल्या काळात केक बंदच केला होता. एका रविवारी काय वाटलं कुणास ठाऊक, तिने कुकर चढवला आणि मला म्हणाली, “तू वाच.” मी वाचलं. प्रकरण संपलं, गॅस बंद केला, डबा काढला, तर केक मधोमध कच्चा. सुरी घातली तर रवा लगद्यासारखा चिकटून वर आला.

“ताई वाचते की पळते?” बहीण म्हणाली.

“अगं पण प्रकरण संपलं ना!”

“तुझं संपलं. केकचं कुठे संपलं?”

बाबांनी तो कच्चा तुकडा तोंडात घातला, चावला, आणि त्यांच्या डाव्या गालाला सुरकुती पडली. हसले ते. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसले. आईने ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवून ताटल्या उचलल्या.

पुढच्या रविवारी आईने पुन्हा कुकर चढवला. मी पुस्तक घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात बाबांनी डाव्या हाताने ते आपल्याकडे ओढलं.

आम्ही तिघी जिथल्या तिथे राहिलो. बाबांनी पुस्तक मांडीवर टेकवलं, पान शोधलं. ओळीखाली ठेवायचं बोट उजव्या हाताचं होतं, ते नीट सरळ होत नव्हतं, म्हणून डाव्या हाताचं ठेवलं. मग त्यांनी श्वास घेतला.

गोष्ट होती एका खेड्यात नव्याने आलेल्या कंपाउंडरची. दुसरा कुठलाही धंदा त्या माणसाला चालला असता. पण लेखकाने त्याला कंपाउंडर केलं होतं, आणि जवळपास प्रत्येक ओळीत त्याला त्याच्या कामाच्या नावानेच हाक मारली होती. “कं,” बाबा म्हणाले. थांबले. “कंपा.” कपाळावर घाम आला. “कंपाउं... डर.” आणि पुढच्या ओळीत पुन्हा तोच उभा.

आईने हातातले वाटाणे सोलायचं थांबवलं नाही, पण शेंगेतून दाणे निघतच नव्हते. नुसती शेंग ती बोटांत फिरवत होती. बहीण माझ्या दंडाला चिकटून बसली होती. एक परिच्छेद झाला. दुसरा सुरू झाला. बाबांचा आवाज जाड झाला होता, ओळखीचा नव्हता, पण आवाज होता. इतक्या महिन्यांनी घरात बाबांचा आवाज होता.

पहिला वास मला आला तेव्हा ते दुसऱ्या पानावर होते.

सुरुवातीला तो चांगलाच होता, केक तयार झाल्याचा. गोड, केळ्याचा. आम्हा सगळ्यांना तो वास पाठ आहे. एरवी तो आला की बाबा शेवटच्या परिच्छेदात असायचे. आता प्रकरणाची अजून बरीच पानं राहिली होती. मी आईकडे पाहिलं. तिला कळलं होतं. आमचं स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीला लागूनच आहे, मध्ये दार नाही. गॅस बंद करायला कुणीतरी उठून, बाबांच्या समोरून जायला हवं. आणि प्रकरण संपायच्या आत कुणी उठलं, तर त्याचा अर्थ एकच होता. बाबांचा वेग आता केकला पुरत नाही.

कुणीच उठलं नाही.

वास बदलला. आधी साखर करपल्याचा, मग त्याखाली काहीतरी कडू. बहीण माझ्या कानाशी आली. “ताई, करप...” मी तिचा हात इतका जोरात दाबला की तिने ओठ मिटून घेतले. आईने माझ्याकडे पाहिलं, ते नेहमीचं पाहणं. तू सांग. तू शिकलेली. मी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मलाही ठाऊक नव्हतं. एका बाजूला एक केक होता, रवा आणि टाकाऊ केळ्यांचा. त्याची काय किंमत? दुसऱ्या बाजूला बाबांचं ते बोट होतं, ओळीखालून सरकणारं. पण कोरड्या कुकरखाली गॅस चालू होता, त्याचीही भीती वाटत होती. झाकणाच्या कडेने धुराची बारीक रेघ निघायला लागली होती. बाबांची पाठ तिकडे होती म्हणून बरं.

“त्याने... बा... बाटली... उचलली.”

तेवढ्यात दारात शेजारच्या काकू आल्या. हातात कळशी. “अगं, नळाला पाणी आलंय, तुम्ही भरत का ना...” आणि मग नाक वर करून, “ए बाई, काय जळतंय तुझ्याकडे?”

आई बसल्या जागेवरून हलली नाही. आमच्याकडे पाणी अगदी थोडा वेळ येतं. पाणी आल्यावर आई बसून राहिलेली मी जन्मात पाहिली नव्हती. तिने फक्त तोंडावर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी बाबांकडे दाखवलं.

काकूंनी बाबांकडे पाहिलं. पुस्तकाकडे पाहिलं. “कं... कंपाउंडर... म्हणाला,” बाबा वाचत होते. काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी आमचा मोरीजवळचा हंडा उचलला, बादली उचलली आणि दोन्ही बाहेर नळावर नेली. बाहेरून त्यांचा दबलेला आवाज आला, “तिची भांडी पण लावा. नाही, येणार नाही ती. लावा म्हटलं ना!”

मी ठरवलं की आता उठायचं. काय व्हायचं ते होवो. गुडघे दुमडून घेतले.

बाबा थांबले.

शब्द अडला म्हणून थांबले असं आम्हाला वाटलं. आम्ही वाट पाहिली. त्यांनी पुस्तकातून मान वर केली आणि आमच्याकडे एकेकीकडे पाहिलं.

“करपलं,” ते म्हणाले. स्पष्ट. न अडखळता.

“नाही हो, कुठे,” आई म्हणाली. बाबांच्या मागे धूर होता.

“नाक... नाही... गेलं माझं.”

बहिणीला हसू फुटलं, आणि लगेच ते तिने गिळलं, कारण बाबा हसत नव्हते. ते रागावले होते. कान लाल झाले होते. “मी... मी काय...” पुढचा शब्द आला नाही. तो शोधता शोधता त्यांचे ओठ थरथरले, आणि मग त्यांनी पुस्तक मिटलं. खूण न ठेवता. एरवी ते पानात सुतळीचा तुकडा ठेवायचे. ते पुस्तक त्यांनी खाटेच्या टोकाला सरकवलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. झाकण काढलं तर खोलीभर धूर. मला वाटलं, झालं. आता ते पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाहीत. आम्ही त्यांना सांभाळून घेत होतो हे त्यांना कळलं, आणि तेही इतक्या उघड. आधी उठले असते तर निदान केक वाचला असता. न उठून दोन्ही गेलं.

आईने सांडशीने डबा बाहेर काढला. खाली कोळसा, बाजूला कोळसा, वर थोडासा तपकिरी भाग. तिने तो ओट्यावर आपटला. आजारपणानंतर आई बाबांशी अगदी हळू बोलायची, आजारी पाहुण्याशी बोलावं तसं. त्या दिवशी ती वळली आणि कडाडली.

“तुमच्यामुळे करपला! एवढा वेळ लावतात का एका प्रकरणाला?”

मी ओरडले, “आई!”

“तू गप गं. सकाळपासून केळी कुस्करतेय मी. नाक शाबूत आहे म्हणतात. मग नाक होतं तर आधी बोलायला काय झालं होतं? वास तुम्हाला कधीचा आला होता ते सांगा.”

बाबांनी मान वळवली. “दुस... दुसऱ्या... पानालाच.”

“आणि बसून राहिलात?”

“थांबलो... असतो... तर...” त्यांनी डावा हात उघडून दाखवला, रिकामा. “परत... सुरू... झालं नसतं.”

आईच्या हातात अजून सांडशी होती. म्हणजे आम्ही त्यांच्यासाठी उठलो नव्हतो, आणि वाचन परत सुरू होणार नाही म्हणून तेही थांबले नव्हते. चौघंही त्याच धुरात, त्याच एका भीतीने बसलेलो. मला रडू यायला लागलं, पण रडणं चुकीचं होईल असं वाटून मी मिठाचे खडे कुकरमधून काढायला लागले. ते गरम होते. बोटं भाजली.

“तू... उठायचं... होतंस,” बाबा आईला म्हणाले.

“उठले असते तर पुस्तक टाकलं असतंत.”

बाबांनी विचार केला. खरंच विचार केला. “टाकलं... असतं.”

“मग?”

काकूंनी भरलेला हंडा दारात आणून ठेवला. “जळलं ना शेवटी?” म्हणाल्या आणि थांबल्याही नाहीत. आईने सुरीने वरचा बरा भाग कापला, त्याचे चार तुकडे केले. कडू लागत होता. बहिणीने चेहरा वाकडा केला. “गेल्या वेळचा बरा होता. कच्चा तरी खाता येतो.” आईने तिला धपाटा घातला. बाबांनी आपला तुकडा पूर्ण खाल्ला, हात पँटला पुसला, आणि खाटेच्या टोकाला गेलेलं पुस्तक ओढून घेतलं.

पान सापडेना. खूण नव्हती. मी मदतीला पुढे झाले, तर त्यांनी मान हलवली. नाही. एकेक पान डाव्या अंगठ्याने उलटत त्यांनी ते स्वतः शोधलं.

“दीड पान... राहिलंय.”

“वाचा,” आई म्हणाली. “आता गॅसवर काही नाही. हवा तेवढा वेळ घ्या.”

बाबांनी वाचायला सुरुवात केली. कंपाउंडर पुन्हा आडवा आला. या वेळी आईने शेंगेतले दाणे काढले, खरेच काढले, आणि त्यांना मध्येच थांबवून विचारलं, “त्या बाटलीत नक्की काय होतं? मघाशी माझं लक्ष नव्हतं.” बाबांनी वैतागून तिच्याकडे पाहिलं, एक ओळ मागे गेले आणि ती पुन्हा वाचली. पहिल्यापेक्षा बरी वाचली असं म्हणणार नाही. तेवढीच अडखळत वाचली.

मी उठले. त्यांच्या समोरूनच गेले, आडून नाही. चहाचं आधण ठेवलं. गॅसचा आवाज झाला तशी त्यांनी एकदा मान मागे वळवून पाहिलं, मी काय करतेय ते. मग खाली बघून ते वाचत राहिले.