मागच्या तासाचं पाणी

"चार हजार मीटर?" चौधरी साहेबांनी प्रिंटआउट उलटा धरूनही पाहिला. "आपलं धरण बत्तीस मीटरचं आहे. पाणी ढगात चाललं का वं?"

चौधरी माझे बॉस. रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात धरणांची गणितं होत. पूर आला की कोणत्या तासाला दारं किती उघडायची, याचा तक्ता पावसाळ्याआधी धरणावर जायचा. खालच्या गावांचे जीव त्यावर. फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेतला त्याचा प्रोग्राम आमच्याच ऑफिसातल्या ढोबळे साहेबांनी लिहिलेला. ते रिटायर झाले, मग नवीन कॉम्प्युटर आला आणि प्रोग्राम त्यावर चढवायचं काम माझ्याकडे आलं. मी एक अक्षरही बदललं नव्हतं. तरी पहिला संशय माझ्यावरच.

"मागच्या सालचे आकडे उतरवून दे," साहेब म्हणाले.

"यंदा दोन दारं बदललीत, साहेब."

"मग अंदाजानं लिही ना."

"सही तुम्ही करणार?"

साहेबांनी चहा मागवला.

दोन दिवस शोधलं. सबरूटीन म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, लागेल तेव्हा बोलवायचा. आमचं सबरूटीन दर तासाला एकदा बोलावलं जाई आणि पाण्याची पातळी स्वतःच्या एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या खणात, ठेवून जाई. जुन्या मशीनवर त्या व्हेरिएबलची जागा कायमची. पुढच्या वेळी आकडा तिथेच सापडे. नवीन मशीन लॉजवाल्यासारखं. काम संपलं, खोली खाली करा. सबरूटीन परत येई तेव्हा तिथे भलत्याचंच सामान पडलेलं, आणि त्यालाच पातळी समजून ते बिनधास्त पुढचं गणित करी.

मी ढोबळे साहेबांच्या घरी गेले.

"माह्या प्रोग्रामात चूक? दहा वर्षं चालला तो!"

"चालला, साहेब. पण आकडा जपून ठेव, असं त्याला कुठे सांगितलंय?"

त्यांनी मी नेलेले प्रोग्रामचे कागद तीनदा वाचले. "नाही सांगितलं," ते हळूच म्हणाले. "सांगा लागते, हे मलेच माहीत नव्हतं." मग चपला घालून माझ्याबरोबर निघाले.

उपाय एका ओळीचा होता: 'सेव्ह' आणि पुढे व्हेरिएबलचं नाव. ढोबळे साहेबांनी पहिल्या सहा तासांचं गणित हातानं केलं. आकडे जुळले. तक्ता वेळेत गेला. चौधरींनी रिपोर्टात लिहिलं, 'नवीन मशीनमधील दोष दूर केला.' मशीनला बोलता येत नव्हतं.

तेव्हापासून कुणी "इतकी वर्षं चालतंय" म्हणालं, की मी विचारते, कशामुळे? बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं.