काकांनी कापलेला तारा

मंडळी, आज दुपारी नारायणगुड्याला सुधाकाकूंकडे गेले होते. काकांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचे फोटो आणि आवाजाची रेकॉर्डिंग जुन्या लॅपटॉपमध्ये पडून आहेत. ते सगळं एखाद्या चांगल्या क्लाउडवर ठेवायचं होतं, म्हणून तिथंच बसून एका क्लाउड सेवेचे रिव्ह्यू वाचायला घेतले.

ऑफिसात माझं कामच खोटे रिव्ह्यू हुडकायचं. एकाच दिवशी आलेले, एकाच साच्यातले, पाचपैकी पाच तारे देणारे, सगळे बाजूला काढले. शेवटी एक उरला. चार तारे, आणि खाली लिहिलेलं, "सगळं उत्तम. एक तारा कापला, नजर लागू नये म्हणून."

हा माणूस खरा, असं वाटून मी 'उपयुक्त' दाबलं. मग नाव वाचलं.

काकांचं होतं. फोटोही त्यांचाच. तारीख परवाची.

काका गणिताचे मास्तर. त्यांनी कुणाला कधी पैकीच्या पैकी दिले नाहीत, कारण हेच सांगायचे. हॉटेलांच्या रिव्ह्यूतसुद्धा हेच लिहायचे. कुणीतरी त्यांच्या खात्यात शिरलंय, जुनं सगळं वाचलंय आणि त्यांच्यासारखं लिहायला शिकून घेतलंय.

काकूंना समजावलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हौ, हे तेच बोलून राहिले. त्यांना पसंत आहे तर तिथंच ठेव."

मी तक्रारीचं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, ही व्यक्ती खोटी आहे का?

काकू माझ्या बोटाकडे बघत होत्या. तुम्ही काय दाबलं असतं?