सावडीची फेड

रुपालीने बनुबाईंना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या तिच्या गुलाबांच्या सरीत उकिडव्या बसून गवत काढत होत्या. हातात स्वयंपाकघरातलं उलथनं.

"ओ मावशी, कुनी सांगितलं तुमाला? रोजाचं पैसं न्हाई मिळायचं हां!"

"रोज कोन मागतंय? सावड हाय. आज तुझ्यात, उद्या माझ्यात."

बनुबाईंच्या गावी, तिसगावात, खुरपणी अशीच चालायची. साऱ्याजणी आज एकीच्या रानात, उद्या दुसरीच्या. पैसा नाही, कामाची फेड कामाने. पण बनुबाईंचं रान आता वाट्याने दिलेलं. नवरा गेल्यावर मुलगा राम त्यांना शिर्डीला घेऊन आला. तो लॉजवर मॅनेजर, सून सविता प्रसादाच्या दुकानात. लॉजमागेच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि खिडकीपुढे हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत.

पहिल्या महिन्यात बनुबाईंची झोप गेली, दुसऱ्यात भूक. नळाला पाणी आलं की सकाळ झाली, एवढंच कळायचं. एक दिवस त्या जिना उतरल्या आणि फुलांचे टेम्पो जिकडून येतात, तिकडे चालत सुटल्या. रुपालीच्या मळ्याशी येऊन थांबल्या. त्या दिवशी दोन भाकरी खाऊन त्या गाढ झोपल्या.

असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी राम शोधत आला. आईच्या नखांतली माती पाहून त्याचा चेहरा उतरला.

"आई, लोकाच्या रानात फुकट राबतेस? अगं, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? रस्त्यावर गाड्या बघितल्यास का?"

माया होती म्हणूनच तो भ्याला होता. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना त्याने बाहेरून कुलूप लावलं.

बनुबाई दिवसभर खिडकीशी. गजांतून हात काढून समोरच्या भिंतीला बोटं टेकवायच्या. भिंत कोमट लागली की बाहेर ऊन आहे असं समजायचं. जेवणाचं ताट झाकलेलं तसंच राहायचं.

दहाव्या दिवशी दारावर थाप पडली.

"मावशी, मी रुपाली. तुमी सांगितलेला लॉज हुडकत आले. सोबत दोघी हायेत. तीन दिवस केलंत आमच्यात, फेडायला आलोय. कुठाय तुमचं रान?"

"हितंच, आत."

"मग उघडा की दार!"

"किल्ली रामकडं हाय."

मग जिन्यावर चपला वाजल्या. थोड्या वेळाने रामला पुढे घालून रुपाली परत आली, हातात खुरपं तसंच.

"मॅनेजरसायेब, आमी शेळी बांधतो तवा बी दावं लांब ठेवतो."

"ताई, ती हरवली म्हंजे?"

"माझ्या सऱ्या सरळ हायेत. हरवंल कशी? आमची फेड ऱ्हायलीय. रोज सकाळी मावशींना माझ्या रानात येऊ द्या, तीच फेड."

रामने कुलूप काढलं. बनुबाई उलथनं घेऊन उंबऱ्याशीच उभ्या होत्या. त्याने आईचा हात धरला, तो वाळून काटकीसारखा झाला होता. मग तो तिला धरून जिना उतरू लागला.

आता सकाळी सातला राम आईला मोटारसायकलवरून रुपालीच्या बांधावर सोडतो आणि दहाला परत आणतो. बनुबाई दोन्ही वेळा जेवतात. दहानंतर मात्र दाराला पुन्हा बाहेरून कुलूप असतं.